आवड ज्याची त्याची. हक्क मात्र कलावंताचा

सायंकाळी आपल्या घरांतून एक वाद हमखास ऐकू येतो. मुलगा चित्रपटातील गाणी लावतो, ती वडिलांस उथळ वाटतात. महाविद्यालयात शिकणारी कन्या म्हणते, चित्रपटसंगीत हा निव्वळ बाजार. खरे संगीत तेच, जे कलावंत कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून स्वतः रचतो. आजोबांस वामनदादा कर्डकांपलीकडे काही रुचत नाही. आणि एखादे शेजारी धम्माचा हवाला देऊन सांगतात की, उपासकाने गाणे ऐकणेच गैर. सारेच आपापल्या आवडीस तत्त्वाचा पोशाख चढवितात.

शेजाऱ्यांचे म्हणणे प्रथम पाहू. पंचशीलात गायनवादनाचा निषेध नाही. नृत्य-गीत-वादनापासून विरत राहण्याचे शील आहे ते अष्टशीलात, आणि उपासक ते उपोसथाच्या दिवशी पाळतो. तेव्हा गाणे ऐकावे की नाही हा प्रश्न नसून, कोणते ऐकावे हे कोणी ठरवावे, हा खरा प्रश्न आहे.

हे एकदा सरकारने ठरवून पाहिले. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने शास्त्रीय संगीतास अग्रस्थान दिले व चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. त्याच वर्षी तेथे अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली व देशभर लोकप्रिय ठरली. अखेर १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. अभिरुची हुकमाने बदलत नाही, हा यातील धडा. जो हुकूम सरकारला बजावता आला नाही, तो आपण मुलाबाळांवर बजावू नये.

आता कन्येचे म्हणणे. स्वतंत्र संगीताचा अभिमान आपल्याला परका नाही. १९३० नंतरच्या दशकात गावोगाव फिरणारे आंबेडकरी जलसे कोणत्या कंपनीच्या भांडवलावर उभे होते? परंतु त्याच परंपरेकडे नीट पाहिले म्हणजे स्वतंत्र आणि प्रचलित यांच्यामधील भिंत फारशी उंच नव्हती, हेही दिसते. कित्येक भीमगीते त्या त्या काळच्या लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली आहेत. चाल ओळखीची असली म्हणजे नवा विचार चटकन ओठांवर बसतो, हे शाहिरांना पक्के ठाऊक होते. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीतेही गायिली आणि विठ्ठलाची भक्तिगीतेही. त्यांचे नातू आदर्श शिंदे आज चित्रपटांसाठी गातात आणि भीमगीतेही गातात. तेव्हा गाणे कोणत्या दारातून आले, एवढ्यावरून त्याची प्रत ठरविता येत नाही.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. विधी महाविद्यालयात असताना चित्रपटगीते गुणगुणणाऱ्या सहाध्यायांना मी हिणवीत असे. वेगळे काही ऐकतो म्हणजे आपण अधिक जागृत, असा माझा समज होता. तो पुढे वकिलीने उतरविला. एक तरुण गायक माझ्याकडे कागद घेऊन आला. गीत त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा. ज्या लहानशा प्रकाशकाने ते गाणे काढले, तो स्वतःस 'स्वतंत्र' म्हणवीत होता. कागदावर मात्र लिहिले होते की, काही हजार रुपयांत सर्व हक्क दिले. मुदतीचा उल्लेख नव्हता. गायकाने तो वाचलाच नव्हता. आपलीच माणसे म्हणून सही केली होती. त्या दिवसापासून गाणे कोणत्या प्रकारचे, हे विचारण्यापूर्वी मी गाणाऱ्यास काय मिळाले, हे विचारू लागलो.

तमिळ गायक अरिवू यांचे उदाहरण घ्या. 'एन्जॉय एन्जामी' हे २०२१ सालचे गीत त्यांनी लिहिले व धी यांच्याबरोबर गायिले. भूमीवर राबूनही भूमिहीन राहिलेल्या पूर्वजांची वेदना त्यात आहे. चित्रपटाच्या आधाराशिवाय ते जगभर गाजले. परंतु त्याच वर्षी एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याच्या गौरवात अरिवू दिसले नाहीत, आणि त्यावरून मोठा वाद झाला. २०२४ साली संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की, या गाण्यातून आपणांस काहीच उत्पन्न मिळाले नाही. 'स्वतंत्र' हा शब्द म्हणजे न्यायाची हमी नव्हे.

उलट, प्रचलित संगीतातील लढ्याचा लाभ सर्वांना झाला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विरुद्ध करार नसल्यास, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटगीताचा प्रथम मालक निर्माताच. पुढे गीतकार-संगीतकार झगडले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ही बाजू मांडली. आणि २०१२ साली कॉपीराइट कायदा सुधारला. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो वापर होईल, त्याच्या स्वामित्वधनातील समान वाटा गीतकार-संगीतकारास आता करारानेही सोडून देता येत नाही. अपवाद केवळ वारसांचा व कॉपीराइट संस्थेचा. चित्रपटात नसलेल्या ध्वनिमुद्रणासही हेच संरक्षण आहे.

म्हणून ज्यांच्या घरी कोणी गातो वा लिहितो, त्यांनी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असल्याखेरीज कायदेशीर ठरत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे समजली जाते. आणि गीताचा हक्क कवीच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो; तो लेकराबाळांचा वारसा आहे. त्या तरुण गायकास मी यातील दुसरी गोष्ट सांगितली, तेव्हा तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला.

बंधुभगिनींनो, मुलास त्याचे गाणे ऐकू द्या, कन्येस तिचे, आजोबांस त्यांचे. एकमेकांची आवड पटली नाही तरी चालेल. मात्र गाणे संपल्यावर घरात एक प्रश्न अवश्य विचारला जावा: हे कोणी लिहिले, आणि त्याचे त्याला मिळाले काय?