दरडोईची आणेवारी

आणेवारी म्हणजे काय, हे धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यास समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. गावातील निवडक शेतांत पीककापणीचे प्रयोग व्हावेत, त्यांच्या उताऱ्याची सरासरी निघावी, ती ५० पैशांच्या वर भरली की सारा गाव सुकाळी ठरावा, आणि ज्याच्या मुरमाड माळावर कुसळही उगवले नाही त्यानेही त्याच सरासरीत समाधान मानावे, असा हा महसूल दप्तराचा रिवाज आहे.

हवेच्या जागतिक जमाखर्चातही अशीच आणेवारी चालते. कोळसा-तेलापासून होणारे कर्बवायूचे उत्सर्जन देशवार मांडले, तर चीन व अमेरिकेमागोमाग भारताचा तिसरा क्रमांक लागतो, आणि पाश्चात्त्य मुत्सद्दी आपल्याकडे बोट दाखविण्यास मोकळे होतात. परंतु तीच रक्कम डोईवर वाटली असता अमेरिकनाच्या खाती वर्षाकाठी सुमारे १४ टन व भारतीयाच्या खाती जेमतेम २ टन पडतात, म्हणजे आपणांस जो शिधा वर्षभर पुरतो तो तिकडील गृहस्थ फेब्रुवारी सरण्यापूर्वीच संपवून बसतो. २०११ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची वस्ती साडेसोळा लाखांवर भरली. राष्ट्रीय सरासरीने तिच्या नावे जेवढा धूर पडेल, तेवढा अडीच लाखांच्या आतले एखादे अमेरिकन शहर सहज करते. सर्व हरितगृह वायू धरले तर सातपटीचे हे अंतर सहापटीवर येते, कारण त्यात भातखाचरांचा व गुराढोरांचा मिथेनही मोजला जातो. आमची नामांकित उस्मानाबादी शेळी अशी रवंथ करता करता आंतरराष्ट्रीय दप्तरी दाखल झाली आहे!

जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन एका तराजूत घालता येणार नाही, असे पर्यावरण-अभ्यासक अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच ठणकावले होते. पुढल्या वर्षी रिओच्या परिषदेत जबाबदारी सामायिक परंतु भिन्न असल्याचे तत्त्वही मान्य झाले. दिल्ली सरकार ते परिषदांतून आग्रहाने मांडते, हे योग्यच. आमची तक्रार निराळी आहे. परदेशात ज्या न्यायाची एवढी तरफदारी होते, त्याला सरहद्दीच्या आत कोणी पुसत नाही. मलबार हिलवरील वातानुकूलित दिवाणखाना आणि आमच्या परंड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे घर ही दोन्ही त्याच २ टनांच्या सरासरीत गुण्यागोविंदाने नांदतात.

भूम तालुक्यातील एखाद्या खव्याच्या भट्टीवर घटकाभर उभे राहावे. दूध आटेस्तोवर बाईला हातातले उलथणे थांबविता येत नाही, थांबले की खवा तळाला लागतो. जळणाच्या धुराने डोळे चुरचुरतात, ते पदराने पुसावेत तर कढईकडे दुर्लक्ष होते. हा लाकडाचा धूर त्या २ टनांत धरलेलाच नसतो. आणि याच भूम-वाशीच्या माळांवर पवनचक्क्यांची पाती संथपणे फिरत असतात. त्यांच्या विजेचे पुण्य देशाच्या खाती जमा होते, तर ज्याच्या बांधावरून तारा गेल्या तो मोबदल्यासाठी तहसीलीचे उंबरे झिजवितो.

ज्या परंड्याने पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली, तेथे २०२५ च्या सप्टेंबरात पुराने वेढलेली माणसे हेलिकॉप्टरने उचलावी लागली. एका पावसाचा ठपका एका देशावर ठेवता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते आणि ते कोसळते तेव्हा दरडोई हिशेब विचारीत नाही, हेही तितकेच खरे. हवामानाच्या हानीसाठी २०२२ साली शर्म-अल-शेखला जागतिक निधीचा ठराव झाला. त्यातून पुढेमागे काही पदरात पडेल तेव्हा पडो. तूर्त माळावरची वीज खव्याच्या भट्टीपर्यंत सवलतीने का पोहोचू नये, आणि तारांखालच्या जमिनीचा मोबदला गावोगाव निरनिराळा का, याचा खुलासा जिल्हा नियोजन समितीने आपल्या पुढल्या बैठकीत करावा.