फोटोला काय घालायचं?

मंडळी, घरात लग्न निघालं की साड्यांवरून चर्चा झडतात, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण नुसता एक फोटो काढायचा म्हणून तीन आठवडे घर डोक्यावर घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याचं असं झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या. वय वर्षं शहाऐंशी. ‘ही माझी शेवटची खेप’ असं त्या गेल्या चार खेपांपासून म्हणताहेत, त्यामुळे ते कुणी मनावर घेत नाही. पण या वेळी विमानतळावर त्यांनी स्वतःहून व्हीलचेअर मागितली, तेव्हा हे आणि मी जरा चरकलोच. लेकीच्या कानावर ते गेलं आणि तिचा बॉस्टनहून फोन आला, "आई, आपण सगळ्यांचा एक नीट फॅमिली फोटो काढून घेऊ या. चार पिढ्या आहेत!" दिवाळीच्या आधीचा शनिवार, २६ ऑक्टोबर ठरला. स्टुडिओ नको, जवळच्या पार्कात, झाडांची पानं रंगलेली असताना. वेळ संध्याकाळी पाचची, कारण मावळतीच्या आधीच्या तासात उजेड मऊ असतो, चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत. इथपर्यंत सगळं छान.

मग तिची ईमेल आली. विषय : ‘कलर पॅलेट’. क्रीम, बेज आणि ओटमील. ओटमील म्हणजे चक्क लापशीचा रंग! सर्वांनी यातलंच काहीतरी घालायचं.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सगळ्यांनीच पांढरं? का गं, कोण गेलं?"

हे हसले, मीही हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना मला म्हणाल्या, "तुझे सासरे जाऊन बारा वर्षं झाली. पहिल्या महिन्यातच मी ठरवलं होतं, रंगाचं नेसायचं. माझ्या आईला ते जमलं नाही. पस्तिसाव्या वर्षापासून तिनं कधी रंग अंगाला लावला नाही. आणि आता तुम्ही फोटोपुरतं मला पांढरं नेसवता होय?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. लेकीला फोनवर सांगितलं, तर ती आधी गोंधळली आणि मग एकदम गप्प झाली. तिचा काही दोष नाही हो. तिच्या डोळ्यांसमोर पांढरं म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचे हसरे अमेरिकन परिवार!

शिवाय तिच्या म्हणण्यात तथ्यही होतं. सगळ्यांचे रंग एकमेकांशी भांडायला लागले तर बघणाऱ्याची नजर चेहऱ्यांवर ठरत नाही. बारीक चौकडीचा किंवा बारीक रेघांचा शर्ट डिजिटल कॅमेऱ्यात कधीकधी विचित्र लाटा उमटवतो. झगझगीत हिरवं किंवा केशरी गळ्याशी असलं की हनुवटीखाली त्याच रंगाची झाक येते. यावर आमच्या ह्यांनी, घरात एकेकाळी डार्करूम होती या अधिकारानं, एक मुद्दा काढला. चित्रात पांढरं फार झालं की कॅमेऱ्याचा मीटर समजतो, उजेड जास्त झाला. मग तो चित्र काळसर करतो, आणि आपले सावळे चेहरे आणखी सावळे होतात. फोटोग्राफर जाणकार असेल तर ती हे सांभाळून घेते, पण घरच्या घरी काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या सावळेपणावरून मला फार जुनी गोष्ट आठवली. १९८६ साली इथे आल्यावर एका स्टुडिओत आम्ही दोघांनी पहिला फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. आईचं उलटटपाली पत्र, ‘इतकी काळवंडलीस कशी? जेवतेस ना नीट?’ मी थंडीला, इथल्या पाण्याला, सगळ्याला दोष दिला. पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की त्या काळी प्रयोगशाळांतून रंगीत प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅकची ‘शर्ली कार्डं’ वापरत, आणि त्यावरची बाई गोरीपान असे. तिची कांती बरोबर उतरली की सगळ्यांचीच उतरली, असा हिशोब! गडद छटा सुधारायला हव्यात, ही तक्रार कोडॅककडे आधी केली ती म्हणे चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी. म्हणजे आमच्या आधी टेबल-खुर्च्यांचं ऐकलं गेलं. आईला हे सांगायचं राहूनच गेलं.

असो. फोटोच्या आदल्या दिवशी लेक, जावई आणि चार वर्षांची नात दुकानाच्या पिशव्या घेऊन हजर. क्रीम स्वेटर, बेज झगा, सगळं नवंकोरं. जावयाच्या कॉलरमागून किमतीचं लेबल लोंबत होतं, ते कापायला मी कात्री आणली तर लेक ओरडली, "आई, नको! सोमवारी परत द्यायचंय."

आता इथे राहून आपण सगळ्यांनीच हे कधी ना कधी केलेलं आहे, त्यामुळे मी सोवळं दाखवणार नाही. पण सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे उसनंच ना?" आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ह्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांच्या माहेरचा एकच फोटो आहे, १९४६ चा, मिरजेच्या स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि कुठेच न जाणारा जिना. वडील काळ्या टोपीत, भाऊ स्टुडिओवाल्यानं दिलेल्या कोटात, बाह्या कोपरापासून दुमडलेल्या. आईच्या गळ्यात ठसठशीत मोहनमाळ. "ती शेजारच्या काकूंची. फोटो झाल्या झाल्या आईनं मला ती पदराखाली झाकून परत करायला पाठवलं. आठ वर्षांची होते मी. वाटभर भीती, पडली तर? अजून तो फोटो पाहिला की मला आईचं तोंड दिसायच्या आधी ती माळ दिसते."

कुणी काही बोललं नाही. लेकीनं कात्री उचलली आणि स्वतःच्या स्वेटरचं लेबल कापून टाकलं. जावयानं मात्र आपलं हळूच आत खोचलं. तोही माणूसच आहे.

शनिवारी सासूबाई तयार होऊन बाहेर आल्या त्या इरकलमध्ये. गडद जांभळी, लाल पदराची, धुऊन धुऊन मऊ झालेली. जर नाही, त्यामुळे चकाकण्याचीही भीती नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून. मी मुद्दाम एक गोष्ट केली : निऱ्या घालून झाल्यावर त्यांना खुर्चीत बसवून पाहिलं, कारण उभं असताना नीट दिसणारी साडी बसल्यावर घोट्याच्या वर चढते. आणि पायांत त्यांच्या नेहमीच्या पांढऱ्या वॉकिंग शूजऐवजी चपला, खाली मोजे. थंडी होती, काय करणार! (मोजे फोटोत दिसतात. दिसू देत.)

घडीची खुर्ची पार्कात नेली. मागे मेपल नुसता पेटलेला. मध्ये जांभळ्या सासूबाई आणि भोवती आम्ही सगळे लापशी. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि लेकीला म्हणाली, "हे तुम्ही मुद्दाम केलंत ना? सुरेख!" लेकीनं मान डोलावली. ती माझीच मुलगी आहे.

वीस मिनिटांत सगळं आटपलं. आम्ही खुर्ची उचलणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा रे. माझा एकटीचाही एक घ्यायला सांगा. पुढे लागेल."

हे तळ्याकडे बघायला लागले. मी त्यांचा पदर सारखा करत बसले, तो सारखाच होता तरी. फोटोग्राफरला मराठीचा गंध नाही, तिला वाटलं आजीबाईंना हौस आहे. ती गुडघ्यावर बसून म्हणाली, "स्माइल, ग्रँडमा!" आणि सासूबाई खरोखरच हसल्या, उरलेल्या सगळ्या दातांनिशी.

दोन्ही फोटो छापून आले आहेत. मागे बॉलपेननं लिहू नका बरं का, अक्षरं पुढे उठतात. सासूबाईंनी शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं, सगळ्यांची नावं आणि तारीख घातली, आणि खाली एक ओळ : ‘साडी माझीच.’

जावयाचा स्वेटर सोमवारी ठरल्याप्रमाणे परत गेला. नातीचा झगा नाही गेला. घरी येताना गाडीत तिनं त्यावर ॲपल सायडर सांडलं होतं.