पूजा झाली, आता हिशेब

खंडेनवमीला खोपोलीच्या कारखान्यांत झेंडूचे हार निघतात. लेथला, क्रेनला, भट्टीच्या पॅनेलला हळदकुंकू लागते. हल्ली कंट्रोल रूममधल्या संगणकालाही. पूजेत गैर काही नाही. ज्याच्यावर पोट चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडावेतच. पण यंत्राच्या मालकाशी हिशेब मांडायचाही एक दिवस हवा, तो पंचांगात नाही.

यंत्राने माणसाचे काय होते, हा प्रश्न या गावाला नवा नाही. टाटांचे जलविद्युत केंद्र इथे १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरोता इथले घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून पाचशे मीटर खाली आणून टर्बाइनवर सोडले आणि वीज गेली ती खोपोलीच्या डोक्यावरून मुंबईच्या गिरण्यांना. आपल्या वाट्याला पाणी आले. आजही केंद्र चालले की पाताळगंगा भरते, थांबले की ओसरते.

वीज आल्याने गिरणी कामगाराचे ओझे उतरले का? खोपोलीची वीज येण्याच्याही आधी, १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले तेव्हा उलटच झाले. सूर्य मावळला तरी साचे थांबेनात, दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. त्याला १२ तासांचा लगाम बसला तो १९११ च्या फॅक्टरी कायद्याने. त्याआधी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगार उभे केले म्हणून. यंत्राने यातले काहीही आपण होऊन दिलेले नाही.

आता सेन्सर आणि सॉफ्टवेअर आले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि खालापूरच्या टोलनाक्यावर पावती फाडणाऱ्या हातांची गरज जवळजवळ संपली. जुलै २०२४ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे गाड्यांचा वेग टिपून चलान पाठवतात. शिस्त हवीच, तक्रार नाही. पण याच तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा धोकादायक गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते. वर जायला रस्ता नव्हता, म्हणून जेसीबी पायथ्याशीच राहिले आणि जवानांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. तंत्रज्ञान या डोंगरांत कमी नव्हते. ते वाडीपर्यंत न्यावे असे कुणाला वाटले नव्हते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, जादा कामाला जादा वेतन, कामगाराची लेखी संमती, असे सांगितले गेले. संमती! सकाळी गेटवर ठेकेदाराची वाट पाहणारा कंत्राटी पोरगा ती नाकारणार कशी? काम उरकण्याचा वेग यंत्र वाढवते आणि दिवस माणसाचा लांबतो, हे गणित आम्हाला मान्य नाही.

खोपोलीतल्या युनियनांनी पुढच्या वेतनकरारात पगारवाढीच्याही आधी दोन कलमे लिहावीत. नवे यंत्र बसण्यापूर्वी कंत्राटी कामगारांसकट सर्वांना त्याचे प्रशिक्षण, आणि यंत्राने वाचवलेल्या तासांत कामगाराचा वाटा. व्यवस्थापनाला ती मान्य नसतील, तर त्याने कारण लेखी द्यावे.