वाचेल का, एवढंच विचारू नका

मेंदूच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर आणि नातेवाईक एकमेकांशी जे बोलतात, त्यातलं निम्मं बोलणं दोघांनाही बरं वाटावं म्हणून केलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही विचारता, "डॉक्टर, वाचेल ना?" आम्ही चार तासांनी बाहेर येऊन सांगतो, "ऑपरेशन सक्सेसफुल झालंय, आता बहात्तर तास जाऊ द्या." तुम्ही हात जोडता, कुणी पाया पडतं. खरा प्रश्न मात्र कुणी विचारलेला नसतो आणि त्याचं उत्तरही कुणी दिलेलं नसतं.

शहरात बरीच वर्षं मेंदूची ऑपरेशनं करून आता मी वेळणेश्वरला राहतो. इथे पडवीत बसून लोकांच्या फायली वाचण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं आहे. कुणाचा मुलगा मुंबईत, कुणाचा भाऊ कोल्हापुरात आयसीयूत असतो. फायलीत सीटी स्कॅनच्या दहा फिल्म, औषधांची बिलं, संमतीपत्रावर सही, सगळं असतं. सहा महिन्यांनी पेशंट कसा असेल याबद्दल एक ओळही नसते. नातेवाइकांना विचारलं तर म्हणतात, "यशस्वी झालं म्हणाले."

सर्जनच्या तोंडी या 'यशस्वी'चा अर्थ काय, ते आधी समजून घ्या. रक्ताची गाठ निघाली, रक्तस्राव थांबला, कवटीतला दाब उतरला आणि पेशंट टेबलावरून जिवंत बाहेर आला, एवढाच. मेलेल्या मेंदूपेशी आम्ही शिवू शकत नाही, बदलू शकत नाही. हाड मोडलं तर जुळतं, कारण हाड स्वतः वाढतं. मेंदूचा जो भाग अपघाताच्या क्षणी किंवा त्यानंतरच्या दाबामुळे मेला तो मेला. आसपासचा शिल्लक मेंदू त्याचं काही काम उचलतो, तरुण माणसात जास्त, म्हाताऱ्यात कमी. आमच्या चाकूचं काम असतं उरलेला मेंदू वाचवण्याचं. म्हणून ऑपरेशन यशस्वी आणि पेशंट कायमचा अंथरुणाला खिळलेला, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यात फसवणूक आहेच असं नाही. पण पहिली सांगून दुसरी गिळून टाकली, तर ती आहे.

एक अभ्यास सांगतो. डोक्याला जबर मार लागून मेंदूला सूज आली आणि औषधांनी दाब उतरेना, की कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा करून देतात. नातेवाईक याला 'हाड काढून पोटात ठेवलं' असं म्हणतात, कारण काही ठिकाणी ते हाड पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात. या ऑपरेशनचा ४०० हून अधिक पेशंटवरचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहिलं तर नुसत्या औषधोपचारावर शंभरातले ४९ गेले होते, ऑपरेशन केलेल्यांतले २७. म्हणजे शंभरामागे २२ जीव वाचले. मोठं यश. मग ते २२ कुठे आहेत? डोळे उघडे पण भान नाही, अशा अवस्थेतल्यांची संख्या शंभरामागे २ वरून साडेआठवर गेली. रोजच्या प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणारे १४ वरून २२ झाले. घरातल्या घरात आपलं आपण करू शकणारेही वाढले, ८ वरून १५. आणि पूर्ण बरे झालेले? औषधांच्या गटात ७, ऑपरेशनच्या गटात ४. वर्षभरानंतर ऑपरेशन गटाचं चित्र आणखी सुधारलं, हेही सांगायला हवं.

यावरून 'ऑपरेशन करू नका' असं मी म्हणत नाही. मी स्वतः ते केलं आहे, आणि विशीतल्या मुलासाठी पुन्हा करीन. माझा आक्षेप असा, की हे आकडे डॉक्टरला माहीत असतात आणि सही करणाऱ्या बापाला माहीत नसतात. बाप मनात मोजत असतो 'जगेल की मरेल'. प्रत्यक्षात दारं दोन नसतात, पाच-सहा असतात. मधली दारं त्याला दाखवलीच नाहीत, तर त्या सहीला संमती म्हणायचं कशाला?

"लोकांना हे झेपत नाही", असं माझे काही व्यवसायबंधू म्हणतात. मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. पुढची वीस वर्षं तो माणूस त्याच लोकांनी सांभाळायचा आहे. ते झेपणार आणि पाच मिनिटांचं खरं बोलणं झेपणार नाही, हे कसं?

दुसरं उदाहरण ब्लडप्रेशर वाढून मेंदूत झालेल्या रक्तस्रावाचं. कोकणात हे नेहमीचं. गोळ्या 'बरं वाटतंय' म्हणून बंद केलेल्या असतात. स्कॅनमध्ये पांढरा ठिपका दिसतो आणि सगळं कुटुंब म्हणतं, "ती गाठ काढून टाका, डॉक्टर." नैसर्गिक आहे. काटा टोचला तर काढायचा. पण २००५ साली २७ देशांतल्या हजारावर पेशंटचा अभ्यास आला. लगेच ऑपरेशन केलेल्यांत चांगले निघाले शंभरात २६, आधी औषधोपचार करून पाहिलेल्यांत २४. फरक जवळजवळ नाहीच. कारण खोल भागातली ती गाठ गाठायला चांगल्या मेंदूतूनच वाट काढावी लागते. अपवाद आहेत: लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या खालच्या भागात मोठा रक्तस्राव असेल तर ऑपरेशन लवकर करावंच लागतं. पण सरसकट प्रत्येक ठिपक्याला चाकू लागत नाही. "आत्ता ऑपरेशन नको" म्हणणारा सर्जन तुम्हाला आळशी वाटतो आणि लगेच आत नेणारा देवमाणूस. हा तुमचा समज आमच्या धंद्यातल्या काही लोकांच्या फार पथ्यावर पडतो.

धंदा म्हणालो ते मुद्दाम. एका मोठ्या खासगी रुग्णालयात मी काही काळ काम केलं. तिथे दर महिन्याला बैठक व्हायची. पडद्यावर प्रत्येक डॉक्टरच्या नावापुढे किती पेशंट तपासले, त्यातले किती ऑपरेशनला गेले याचं प्रमाण असायचं, आणि ज्याचं कमी त्याला सगळ्यांसमोर विचारणा. तिथला एक व्यवस्थापक मला म्हणाला होता, "सर, तुम्ही फार समजावत बसता." पेशंट पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनविरुद्ध, म्हणजे कट प्रॅक्टिसविरुद्ध, आपल्या राज्यात २०१७ साली कायद्याचा मसुदा तयार झाला. तो मसुद्याच्या पुढे गेला नाही.

पण सगळं पैशावर ढकलणंही सोयीचंच. मारहाणीची भीती खरी आहे. महाराष्ट्राला २०१० साली डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. जमावासमोर उभा असलेला तरुण डॉक्टर 'वाचण्याची शक्यता कमी, वाचला तर अपंगत्व' असं म्हणायला कचरतो आणि 'प्रयत्न करतोय' म्हणून सुटतो. तिसरं कारण आमचा अहंकार. मेंदूचा सर्जन म्हटलं की लोक आवाज खाली करून बोलतात, आणि त्याची चटक लागते.

आतून बोलणारी माणसं या पेशात झाली आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले मेंदूशल्यचिकित्सक डॉ. सुनील पंड्या हे त्यातलं ठळक नाव. १९९२ च्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या निवडणुकीत ते आणि त्यांचे काही सहकारी स्वच्छ कारभाराचा आग्रह धरून उभे राहिले आणि हरले. १९९३ पासून त्यांनी वैद्यकीय नीतीवरचं नियतकालिक चालवायला घेतलं आणि आपल्याच व्यवसायातल्या गैरप्रकारांवर वर्षानुवर्षं लिहिलं. लंडनच्या हेन्री मार्श या मेंदूच्या सर्जनने तर २०१४ साली पुस्तक लिहून स्वतःच्या हातून बिघडलेल्या केसेस जगासमोर ठेवल्या. पुढे त्यांना स्वतःला कर्करोग झाला, तेव्हा पेशंटच्या खुर्चीत बसल्यावर काय वाटतं त्यावरही लिहिलं. अशी माणसं थोडी, आणि सहकाऱ्यांना ती आवडत नाहीत.

केईएमचं नाव निघालं की अरुणा शानभाग आठवतात. १९७३ च्या नोव्हेंबरात तिथे काम करणाऱ्या या परिचारिकेवर हल्ला झाला, गळा आवळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्यानंतर २०१५ च्या मे महिन्यात जाईपर्यंत ४१ वर्षांहून जास्त काळ त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. आता तुमच्या घराकडे बघा. तुमच्याकडे परिचारिकांच्या पाळ्या नाहीत. चाकरमानी भाऊ रजा संपली की मुंबईला परत जाणार. मागे राहणार बायको किंवा सून. दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतून पातळ अन्न भरणं, लघवीची पिशवी, पाठीला जखम होऊ नये म्हणून जागरण. आयसीयूच्या बाहेर "काहीही करा, पण वाचवा" असं मोठ्याने म्हणणाऱ्या काका-मामांमध्ये ही बाई सहसा नसते. ती मागे उभी असते आणि तिला कुणी विचारत नाही. मी सही घेण्याआधी तिला पुढे बोलवायचो. काही पुरुषमंडळींना ते आवडायचं नाही. माझा इलाज नव्हता.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हा डॉक्टर आशाच सोडायला सांगतोय. उलट आहे. जिथे धावायला हवं तिथे तुम्ही धावत नाही, ही माझी दुसरी तक्रार.

आषाढात जांभ्याच्या अंगणाला शेवाळं धरतं. आजी पाय घसरून पडते, डोकं चिऱ्याला लागतं, थोडं टेंगूळ येतं, उतरतं. सगळे विसरतात. गणपतीच्या सुमाराला आजी नावं विसरायला लागते, दुपारी झोपून असते, एक पाय ओढत चालते. घरातले म्हणतात, "वय झालं." म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे कवटीच्या आतल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. हलक्या धक्क्यानेही एखादी फाटते आणि मेंदूच्या वर आठवडेच्या आठवडे हळूहळू रक्त साठतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त. एका सीटी स्कॅनमध्ये हे कळतं. कवटीला एक-दोन भोकं पाडून साठलेलं पातळ रक्त काढलं, की बहुतेक आजी काही दिवसांत पुन्हा नातवंडांना नावाने हाक मारतात. मेंदूच्या सर्जरीतलं हे सगळ्यात छोटं आणि सगळ्यात समाधानाचं ऑपरेशन. हाच पेशंट घरी ठेवला जातो, आणि ज्याच्या मेंदूत खोलवर रक्तस्राव होऊन काही उरलेलं नाही त्याच्यासाठी आगर विकायला काढलं जातं.

तसाच माडावरून किंवा आंब्यावरून पडलेला माणूस. पडला, क्षणभर शुद्ध गेली, मग उठून बसला, चहा प्याला. "काही झालं नाही." कवटी आणि तिच्या आतलं आवरण यांच्यामध्ये शीर फाटून रक्त साठत असेल, तर हा शुद्धीचा काळ फसवा असतो. दोन-चार तासांत उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, एका डोळ्याची बाहुली मोठी. या पेशंटचा मेंदू चांगला असतो, फक्त दाबला जात असतो. वेळेत गाठ काढली तर तो पुन्हा माडावर चढू शकतो. आवरणाच्या आतल्या ताज्या रक्तस्रावाबद्दल १९८१ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की चार तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत शंभरात ३० गेले, त्यानंतर झालेल्यांत ९०. आता वेळणेश्वरहून हिशोब करा. गुहागर वीसेक किलोमीटर, पुढे चिपळूण आणखी पंचेचाळीसच्या आसपास, किंवा तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि मग रत्नागिरी. वाटेत 'आधी इथे दाखवू, मग बघू' असं तीन ठिकाणी केलं की चार तास संपले. म्हणून १०८ ला फोन करतानाच सांगा की डोक्याला मार आहे आणि मध्ये शुद्ध गेली होती, आणि सीटी स्कॅन चालू आहे अशाच ठिकाणी न्या. हेल्मेटने मोटारसायकलवाल्याच्या डोक्याच्या इजेचा धोका शंभरात जवळपास ७० ने कमी होतो. पण गावातल्या गावात जायचं म्हणून ते खुंटीला असतं. यावर मी वेगळा भांडेन.

तेव्हा पुढच्या वेळी आयसीयूच्या दारात सर्जन भेटला, तर त्याला हे विचारा. सहा महिन्यांनी हा माणूस स्वतःच्या हाताने जेवेल का? आम्हाला ओळखेल का? अशा शंभर पेशंटपैकी किती जण आपल्या पायांनी घरी जातात? ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? आणि तुमचा स्वतःचा भाऊ असता तर काय केलं असतं? शेवटच्या प्रश्नाला आम्ही सहसा अडखळतो. तो जरूर विचारा. उत्तर देताना सर्जन चिडला, तर दुसरं मत घ्या. फिल्म मोबाइलवर पाठवून तासाभरात दुसरं मत मिळतं.

आणि धडधाकट आहात तोवर आणखी एक काम करून ठेवा. बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कृत्रिम उपायांनी जगवत ठेवू नये, असं आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते, न्यायाधीशापुढे जावं लागत नाही. तुमच्या वतीने कुणी निर्णय घ्यायचा त्यांची नावं त्यात घालायची, एक प्रत त्यांना आणि एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना द्यायची. घरात हा विषय काढला की "अभद्र बोलू नका" असं ऐकावं लागेल. मलाही ऐकावं लागलं. मी कागद केला, आणि तो कपाटात कुठल्या कप्प्यात आहे ते बायकोला दाखवून ठेवलं आहे.