नक्षी गोळीत नाही, डोक्यात

सायकेडेलिक घेतलं की म्हणे 'दुसरं जग' दिसतं! मला नाही पटत. १९२० च्या दशकात हाइनरिश क्ल्यूव्हरने मेस्कलिनमुळे दिसणाऱ्या आकृत्यांचे चारच प्रकार नोंदवले: जाळी, कोळ्याचं जाळं, बोगदा, चकलीसारखं वळण. गंमत म्हणजे, मिटल्या डोळ्यांवर सेकंदाला दहाएक वेळा प्रकाश उघडमीट केला तरी बऱ्याच जणांना अशीच नक्षी दिसते, काहीही न घेता! १९७९ साली अर्मेंट्राउट आणि कोवन यांनी गणिताने दाखवलं की मेंदूच्या दृष्टिकेंद्रात नुसते सरळ पट्टे उमटले, तरी आपल्याला बोगदे आणि चकल्याच दिसतील. म्हणजे दुसरं जग वगैरे नाही, आपलंच वायरिंग.

पण 'नुसता दिवाच तर आहे' असंही समजू नका. १९९७ मध्ये जपानात पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना इस्पितळात न्यावं लागलं. वायरिंग आपलं असलं, तरी शॉर्टसर्किट होतंच.