गाणारी बाई, वाजवणारा बुवा

२०२४ च्या ८ मार्चला नाशिकमध्ये आम्ही चार-पाच गटांनी मिळून कार्यक्रम केला. भाषणं कमी आणि गाणी जास्त, असं ठरलं होतं, म्हणून गावातलाच एक ऑर्केस्ट्रा बोलावला. पडदा उघडला. समोर दोन गायिका, चमचमत्या साड्यांत. त्यांच्या मागे की-बोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, गिटार आणि बेस गिटार घेऊन पाच पुरुष. कार्यक्रम महिला दिनाचा, गाणी बायकांच्या हक्काची, सभागृहात नव्वद टक्के बायका, आणि वाजवणारी एकही नाही.

खरं सांगते, त्या संध्याकाळी मला यात काही खटकलं नाही. खटकलं ते माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला. आमच्या एका कार्यकर्तीची ही मुलगी कॉलेजात शिकते आणि बेस गिटार वाजवते. ती मला म्हणाली, "मावशी, गायला बायका आणि वाजवायला एकही नाही?" कार्यक्रम संपल्यावर मी ऑर्केस्ट्रावाल्यांना तेच विचारलं. त्यांचं उत्तर तयार होतं : "मॅडम, वाजवणाऱ्या बायका मिळतच नाहीत हो."

हे उत्तर आपल्या गावाला नवं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनाही १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नव्हती. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं. पण लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई अशा दोघीजणी पडद्यावर आल्या. म्हणजे एका चित्रपटात 'मिळत नाहीत' आणि दुसऱ्यात मिळाल्या. बाई मिळत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की ती जिथे यावी ती जागा अजून तिच्यासाठी झालेली नाही.

त्या मुलीमुळे मी बेस गिटारकडे पहिल्यांदा नीट बघितलं. चार जाड तारा, साध्या गिटारपेक्षा लांब दांडी. सर्वांत खालच्या सुराची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, म्हणून हा आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. पूर्वी या कामासाठी माणसाएवढा उंच, उभा डबल बेस लागायचा. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर वाजणारा, गळ्यात अडकवून नेता येईल असा बेस बाजारात आणला. त्याच्या दांडीवर पडदे होते, त्यामुळे सूर नेमका सापडायला सोपं झालं. म्हणजे या वाद्यानं वाजवणाऱ्याच्या खांद्यावरचं ओझं कमी केलं होतं. तरी ते राहिलं पुरुषाचंच वाद्य.

एकदा मी तिच्या सरावाला गेले. ती आणि तिच्या वर्गातली तीन मुलं. मला कळावं म्हणून तिनं एक कडवं बेसशिवाय वाजवायला लावलं. गाणं तेच, गिटार तीच, ड्रमही तोच. पण तबल्याबरोबरचा डग्गा काढून घेतल्यासारखं सगळं पोकळ झालं. दुसऱ्या कडव्याला ती आत आली आणि गाण्याला जमीन मिळाली. मग तिनं मला तार कुठे छेडायची ते दाखवलं. दांडीजवळ बोटानं छेडली तर आवाज गोल आणि मऊ, खालच्या घोडीजवळ छेडली तर कडक. पिकनं वाजवलं तर आणखी टोकदार. नजर ड्रमरच्या पायाकडे हवी, कारण मोठ्या ड्रमचा ठोका आणि बेसचा सूर एकत्र पडला नाही तर सगळा बँड लंगडतो. आणि साध्या गिटारचा छोटा ॲम्प बेसला चालत नाही. खालच्या सुरांनी तो फाटल्यासारखा वाजतो.

हे सगळं पाहून आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे बेस अगदी बाईसारखाच की! कुणाला दिसत नाही आणि सगळ्यांना तोलून धरतो." उपमा गोड आहे, पण मला ती नको. कारण तिच्यात एक गोष्ट लपते. घरात न दिसणारं काम बाई करते, त्याला मोल नाही. ऑर्केस्ट्रात न दिसणारं काम पुरुष करतो, त्याला रात्रीचं पाकीट मिळतं. घरचा स्वयंपाक बाईचा आणि लग्नातला आचारी पुरुष, तसंच हे. काम दिसतं की नाही हा मुद्दाच नाही. ज्या कामाला अवजार लागतं, शिक्षण लागतं आणि पैसे मिळतात, ते बाईच्या हातात का येत नाही, हा मुद्दा आहे.

गळा ही देवाची देणगी म्हणतात, म्हणून बाईनं गायलेलं चालतं. वाद्य विकत घ्यावं लागतं, दुरुस्त करावं लागतं, त्याच्यावर रोज दोन तास घालवावे लागतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत वाकून विरळणी करायला बायका आणि ट्रॅक्टरवर पुरुष, हे आपण रोज पाहतो. स्टेजवरही तीच वाटणी आहे, फक्त दिव्यांच्या उजेडात.

"बायकांना झेपत नाही, बोटं लहान पडतात," असंही सांगतात. असं म्हणणाऱ्यांनी गणपतीत वाकडी बारवपासून निघणाऱ्या मिरवणुकीत उभं राहावं. कमरेला ढोल बांधून आपल्या मुली तासन् तास वाजवतात. बेसचं वजन साधारण चार किलो. ढोल त्याहून जड. म्हणजे प्रश्न ताकदीचा नाही. पण मी पाहिलेल्या ढोलांच्या सरावात एक गोष्ट लक्षात आली. ढोल वाजवायला मुली पुढे होत्या, आणि तो ताणून सुरात आणायला मात्र मुलगेच पुढे सरसावत. वाद्य हातात देणं वेगळं आणि त्याचा सूर ठरवू देणं वेगळं.

वाजवणाऱ्या बायका झाल्या नाहीत असंही नाही. लुसिला पाशेको या गोमंतकीय बाई मुंबईच्या चित्रपटसंगीतात पियानो वाजवत. अमेरिकेत १९३५ मध्ये जन्मलेल्या कॅरोल के यांनी, एकदा बेस वाजवणारा रेकॉर्डिंगला आला नाही म्हणून बेस हातात घेतला, आणि पुढे हजारो ध्वनिमुद्रणांत वाजवला. त्या काळात वादकांची नावं तबकडीवर छापत नसत, त्यामुळे ऐकणाऱ्यांना कित्येक वर्षं कळलंच नाही की ही बोटं एका बाईची आहेत. आपल्याकडे मुंबईत वाढलेली, १९९६ मध्ये जन्मलेली मोहिनी डे आज जगभर बेस वाजवते. तिचे वडील स्वतः बेसवादक, म्हणजे वाद्य घरातच होतं. ज्या मुलीच्या घरात ते नाही तिनं काय करायचं?

आमच्या मुलीची गोष्ट सांगते. साधा बेस आणि छोटा ॲम्प यांचे मिळून पंचवीस हजारांच्या आसपास झाले. ते आईच्या भिशीतून आले. दुकानात दुकानदार सगळं सांगत होता तो सोबत आलेल्या भावाला, ज्याला त्यातलं काहीही कळत नाही. घरात 'धुमधुम' नको, म्हणून सराव हेडफोन लावून. मुलांचा सराव रात्री नऊनंतर, कारण तेव्हा खोली फुकट मिळते. त्या वेळेला तिच्या घरी दार लावायची वेळ झालेली असते.

२०२५ च्या ८ मार्चला आम्ही तिच्याच बँडला बोलावलं. साउंडवाला आला आणि न विचारता तिच्या हातातली वायर घेऊन स्वतः लावू लागला. बाकी तिघांच्या वायरींना त्यानं हात लावला नाही. शिवाय तिचा आवाज इतका खाली ठेवला, की पहिली दोन गाणी ती वाजवतेय हे फक्त दिसत होतं. तिसऱ्या गाण्याआधी ती स्वतः जाऊन आवाज वाढवून आली. सभागृहातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला आनंद झाला, पण रात्री साडेदहाला वाद्य, ॲम्प आणि मुलगी यांना घरी कसं पोचवायचं, याचा विचार आम्ही आयोजकांनी केलाच नव्हता. शेवटी तिची आई स्कूटर घेऊन आली. ही चूक आमची होती.

"हिंसाचार, पाणी, रोजगार एवढे प्रश्न असताना गिटार कुठून काढलीस?" असं काही मैत्रिणी मला विचारतात. मी म्हणते, हे प्रश्न वेगळे नाहीत. अवजाराची मालकी, कामाचा मोबदला, स्वतःसाठी वेळ, रात्री निर्धास्त घरी येणं, हेच तर आपण इतकी वर्षं मागतो आहोत. बेस गिटारच्या निमित्तानं ते सगळं एका मुलीच्या खांद्यावर एकदम दिसतं, इतकंच.

करता येण्यासारखं बरंच आहे. चार गटांनी मिळून एक बेस, एक ॲम्प आणि एक ढोलकी घ्यावी आणि ग्रंथालयासारखी मुलींना वापरायला द्यावी. आपलं कार्यालय दुपारी रिकामं असतं, ते सरावाला उघडावं. वायर लावणं, तार बदलणं, मिक्सर चालवणं याचं दोन दिवसांचं शिबिर घ्यावं. कार्यक्रमाच्या खर्चात रिक्षाभाडं आधी धरावं. मुली वाजवायला आल्या तर 'आपल्याच आहेत' म्हणून फुकट वाजवून घेऊ नये. पुरुषांना देतो तेवढंच पाकीट त्यांनाही द्यावं.

आणि पुढच्या ८ मार्चला ऑर्केस्ट्रा ठरवताना 'कोण गाणार' याच्या आधी 'कोण वाजवणार' हे विचारावं. 'मिळत नाहीत' असं उत्तर आलं, तर निदान त्या वर्षापुरतं आपण आपल्या मुलींसाठी काय केलं, एवढं तरी एकमेकींना विचारू या.