पाडवा कोणाचा?

दिवाळीची आखणी ज्या कोणी केली तो माणूस मोठा संसारी असला पाहिजे. त्याने घरातली नाती एकेका दिवसाला वाटून दिली आहेत. वसुबारसेला गाय-वासरू पुजायचे. तो आईचा आणि लेकराचा दिवस. नरकचतुर्दशीला पहाटे आईने तेल-उटणे लावून न्हाऊ घालायचे. पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचे आणि नवऱ्याने तिच्या तबकात ओवाळणी घालायची. भाऊबीजेला बहिणीची पाळी. कोणी कोणाच्या दिवसात पाय घालायचा नाही, असा हा सुरेख हिशेब आहे. पण आपल्या कित्येक घरांत वसुबारस पाचही दिवस चालते. पाडव्याच्या साडीचा रंग आई पसंत करते, ओवाळणीचा आकडा आईला विचारून ठरतो, आणि पहिले ओवाळणे अर्थातच आईचे! बायको हातात तबक घेऊन दाराशी उभी असते.

ऐन सणात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, सणातच काढला पाहिजे. एरवी कामाच्या रगाड्यात जे झाकून जाते ते सणाला चार माणसे जमली की उघडे पडते. आणि माझे म्हणणे काही फार लांबचे नाही. आईवर प्रेम करणे ही एक गोष्ट, आणि तिशी-चाळिशी उलटली तरी आईच्या कडेवरून न उतरणे ही दुसरी गोष्ट. आपण या दुसरीला पहिलीचे नाव दिले, तिचे गोडवे गायले, आणि तिचा सगळा खर्च एका तिसऱ्याच बाईकडून वसूल केला.

मी नाशकातल्या एका शाळेत मुले शिकवतो. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. तेव्हा मानसशास्त्रातले मोठाले शब्द मजजवळ नाहीत. पण वर्गात बसलेला मुलगा पाहून त्याचे घर ओळखण्याइतके मास्तरकीने मला शिकवले आहे. आठवीतल्या, मिसरूड फुटू लागलेल्या मुलाच्या बुटाची नाडी फाटकाशी वाकून बांधणारी आई मी पाहतो. तिच्यामागे सहावीतली बहीण उभी असते. तिच्या एका खांद्यावर स्वतःचे दप्तर असते आणि दुसऱ्यावर भावाचे. मुलाने वही आणली नाही तर आई सांगते, "मीच भरायला विसरले हो." मुलगी वही विसरली तर तीच आई म्हणते, "हिला दोन छड्या द्या सर, फार धांदरट आहे." मुलगी पुढे दुसऱ्याच्या घरचे काम उपसायला तयार होते, मुलगा दुसऱ्याच्या मुलीकडून काम करवून घ्यायला तयार होतो. सासू आणि नवरा, दोघेही माझ्या फाटकाशीच तयार होतात!

आता लगेच आईवर तुटून पडू नका. आपल्याकडे ती खोड फार आहे. आधी विचारा, की या गोष्टीत बाप कुठे आहे? तो गॅलरीत पेपर वाचतो आहे. लग्न होऊन ही बाई या घरात आली तेव्हा ती परकी होती. नवऱ्याशी चार शब्द मोकळेपणी बोलावे तर घरात हसू. तो तिच्याशी बोलायचा नाही, कारण तो अजून आपल्या आईचा होता. पहिली मुलगी झाली तेव्हा माणसांचे चेहरे उतरले. मग मुलगा झाला, आणि त्या दिवशी या बाईला प्रथमच घरात बसायला पाट मिळाला. सुधीर कक्कर नावाचे मोठे मनोविश्लेषक होऊन गेले. त्यांनी १९७८ साली 'द इनर वर्ल्ड' या पुस्तकात हेच शास्त्राच्या भाषेत मांडले आहे, की सासरी आलेल्या स्त्रीला मान मिळतो तो मुलगा झाल्यावर, आणि म्हणून तिचा सगळा जीव त्या मुलात गुंततो. आपल्या आजीला हे पुस्तकावाचून ठाऊक होते. ज्या बाईला घर, शेत, पैसा, नवऱ्याचा सहवास यांतले काहीच आपले म्हणता आले नाही, तिने मुलाला आपला म्हटले तर तिचे काय चुकले? एकुलता एक डाग असलेली बाई तो अंगावरून उतरवीत नाही.

चुकते पुढे. वीस-पंचवीस वर्षांनी मुलाचे लग्न होते, आणि या बाईला वाटते की आपली उभ्या आयुष्याची ठेव कोणी परकी पोरगी उचलून नेते आहे. ती ठेव घट्ट धरते. मुलगा धरून देतो. नवी सून एकटी पडते आणि वाट पाहत बसते. कशाची, तर आपल्याला मुलगा होण्याची. मग तीही त्याला घट्ट धरते. ही उसनवारी पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे; नवऱ्याचे देणे मुलाकडून फेडून घ्यायचे आणि मुलाचे सुनेच्या खात्यावर मांडायचे.

या सगळ्यात मला खरा राग येतो तो मुलाचा. माझा एक जुना विद्यार्थी सातपूरच्या कारखान्यात चांगल्या नोकरीला आहे. त्याची बायको आठ महिन्यांच्या पोरीला घेऊन माहेरी गेली. "सर, तुम्ही तिला समजावा," म्हणून तो एका संध्याकाळी मजकडे आला. मी विचारले, "काय झाले?" तो म्हणाला, "काहीच नाही सर, बायकांचे आपले नेहमीचे." मी खोदून विचारले तेव्हा एकेक निघाले. पगार आईच्या हातात. बायकोला माहेरी फोन करायचा तर आईसमोर. दोघे सिनेमाला निघाली की आईच्या छातीत धडधडते. तीन वर्षांत नवरा-बायको दोघेच म्हणून एकदा गेले ते त्र्यंबकेश्वरला, आणि तेही अर्ध्या वाटेतून परत आले. "मग तू काय केलेस?" मी म्हटले. तो फार अभिमानाने म्हणाला, "मी कधी मध्ये पडलो नाही सर. दोघीही मला सारख्याच."

वाचकहो, या "मी मध्ये पडत नाही" इतके भेकड वाक्य मराठीत दुसरे नसेल. एकीच्या हाती घराच्या किल्ल्या, पंचवीस वर्षांचा हक्क आणि सगळे नातेवाईक. दुसरीच्या हाती एक पत्र्याची पेटी. अशा दोघींमध्ये जो पडत नाही तो एका बाजूला आधीच पडलेला असतो. आणि त्याला मध्ये पडायला सांगतो कोण? त्याने जागेवर उभे राहावे, एवढेच मागणे आहे. "आई, हे आम्ही दोघे ठरवू," हे पाच शब्द शांतपणे म्हणायला त्याला तीन वर्षांत तोंड फुटले नाही. मी त्याच्या बायकोला समजवायला गेलो नाही. समजायला हवे होते त्यालाच, आणि त्याला मी ते तिथल्या तिथे सांगितले.

हा भेकडपणा मोठ्यांनाही चुकलेला नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आमच्या जिल्ह्यातले. १८४२ साली निफाडला जन्मले. १८७३ साली त्यांचे रमाबाईंशी लग्न झाले, आणि त्यांनी आपल्या बायकोला स्वतः शिकवले, हे त्यांचे उपकार महाराष्ट्र विसरणार नाही. पण रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहून ठेवल्या आहेत, त्या नीट वाचा. शिकते म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्या कोवळ्या मुलीला टोचून खात, आणि हा भारतभर दबदबा असलेला माणूस तिला काय सांगे? सोसून घे, उलटून बोलू नकोस. शिकवणारा तो आणि सोसणारी ती! जिथे रानडे गप्प बसले तिथे आमचा सातपूरचा गडी बोलेल कसा, असे म्हणाल. पण रानड्यांनी निदान पाटी-पेन्सिल तरी हातात दिली होती.

मग दोष जातो कोणाकडे? सासूकडे. आपल्या सिनेमाने हे काम चोख केले. ललिता पवार ही थोर नटी मूळची येवल्याची. तिने पडद्यावर खाष्ट सासू अशी उभी केली की सासू म्हटले की लोकांना तिचाच चेहरा आठवतो. पण त्या चित्रपटांत मुलगा कुठे असतो ते कधी पाहिलेत? तो कामाला गेलेला असतो, नाही तर भोळा असतो, नाही तर त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. शेवटच्या रिळात त्याचे डोळे उघडतात, तो दोन अश्रू ढाळतो, आणि आपण त्याला माफ करून घरी येतो. दोन बायका एकमेकींशी भांडताना दाखवल्या की ज्याच्यासाठी त्या भांडतात त्याला कोणी जाब विचारत नाही.

इथे कोणी 'श्यामची आई' माझ्या तोंडावर फेकील, हे मी जाणून आहे. अवश्य फेका! ते पुस्तक आमच्या नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी ते चार-पाच दिवसांत उतरवून काढले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्याचा चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. महाराष्ट्र त्या आईसाठी रडला, आणि रडण्याच्या भरात ती आई काय करते ते पाहायचे विसरला. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती मारून विहिरीकडे पाठवते, कारण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हटलेले तिला खपत नाही. गरिबीतही त्याला शिकायला लांब जाऊ देते. तिच्या अखेरच्या क्षणी श्याम तिच्या उशाशी नसतो. ही पदराखाली झाकणारी आई नव्हे, ही पाण्यात ढकलणारी आई आहे! आपण मात्र तिचा पदर तेवढा उचलला आणि विहीर बुजवून टाकली. जिजाबाईंचे नाव तर उठता-बसता घेतो. १६५९ साली मुलगा अफझलखानाच्या भेटीला गेला आणि १६६६ साली आग्र्याला गेला. तो आग्र्यात अडकला असताना त्या माउलीने इकडे राज्य सांभाळले. तिच्या छातीत धडधडले नसेल? पण ती धडधड तिने मुलाच्या पायात बेडी म्हणून घातली नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. २०१६ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटाच्या खटल्यात म्हटले, की आईबाप मुलाच्या मिळकतीवर अवलंबून असताना, सबळ कारण नसताना, नवऱ्याला त्यांच्यापासून वेगळे करण्याचा हट्ट बायकोने सतत धरला तर ती क्रूरता होय. त्या खटल्यात जिवाचे बरेवाईट करण्याच्या धमक्यांचा आणि निराधार आरोपांचाही भाग होता. पण आमच्या कट्ट्यावर निकाल पोहोचला तो एवढाच, की बायको वेगळे राहू म्हणाली की क्रूर! "सबळ कारण नसताना" हे शब्द वाटेतच गळून पडले. मी न्यायालयाशी वाद घालत नाही. मी एवढेच विचारतो, की बायकोला घरी आणून नवऱ्याने आपले मन आईपाशीच ठेवले, त्याला काय म्हणावे? त्याचे कलम कोणी लिहिलेले नाही.

आणि आईबापांना सांभाळायचे नाही काय? सांभाळलेच पाहिजे. २००७ च्या कायद्याने तर ते बंधनकारकच आहे. पण सांभाळतो कोण, ते घराघरांत डोकावून पाहा. आईचे पथ्यपाणी सून करते, रात्री पाय सून चेपते, दवाखान्यात सून बसते. आणि मातृभक्त म्हणून सत्कार मुलाचा! माझ्या पाहण्यात तरी, जो खरा मोठा झाला तोच मुलगा आईचे अंथरूण स्वतः झटकतो. जो लहानच राहिला तो अंथरूण झटकायला बायको आणतो.

मग उपाय काय? मुलाला धपाटा घालून तो सुटणार नाही. आईची मूठ आधी सैल झाली पाहिजे, आणि मूठ सैल होते ती हातात दुसरे काही असले तर. आमच्याच जिल्ह्यात चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी बायकांचे प्रचंड अधिवेशन भरले होते. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची चळवळ काढली आणि शेतकऱ्यांना सांगितले, की बायकोच्या नावावर जमीन करा. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. लोकांना वाटते हे शेतीचे आणि वाटण्यांचे प्रश्न आहेत. मला वाटते हे सासू-सुनांचे प्रश्न आहेत. जिचे नाव सातबाऱ्यावर आहे, जिच्या पासबुकात चार पैसे आहेत, जिला मैत्रिणी आहेत, आणि पेपर खाली ठेवून जिच्याशी नवरा दोन शब्द बोलतो, त्या बाईला मुलाचा पगार मोजत बसण्याची गरज उरत नाही. तेव्हा आईच्या भक्तांनो, आईला पाडव्याची साडी देऊ नका. ती तुमच्या बापाने द्यायची आहे. त्याला गॅलरीतून उठवा.

वासरू मोठे झाले की गाय त्याला आचळाशी येऊ देत नाही, लाथ मारते. म्हणून तिची माया आटली असे कोणी गुराखी म्हणत नाही. वसुबारसेला आपण त्या गाईच्या पायावर पाणी घालतो. त्या वेळी तिच्या त्या लाथेलाही एकदा हात जोडावेत, आणि मग पाडव्याला ज्याचे त्याने तबक धरावे.